सहावं प्रकरण

"एकच झालं," घरमालकीण शरणम्मानं भिंतीपलीकडच्या विठाबाईला सांगितलं, आणि जाफरचा टाक कागदाला टेकता टेकता वरच राहिला. खिडकीतून अंगण सगळं दिसत होतं. लिंबाखाली काळी शेळी दमून आडवी झाली होती आणि तिच्या पुढ्यात दोन करडं होती. एक उभं राहायला धडपडत होतं. दुसरं अजून ओलं, आपल्याच पायांत गुंतलेलं. पहिलं सात वाजून दहा मिनिटांनी झालं होतं, दुसरं सात एकतीसला. जाफरनं घड्याळ पाहून ते वहीत टिपलंही होतं. खरं तर टिपायचं काम तीन महिन्यांपूर्वीच संपलं होतं, पण हाताची सवय मोडली नव्हती. शरणम्मा त्या दोघांवरच वाकलेली होती, त्यांना पुसायचं फडकं तिच्या हातात होतं, आणि तरी मान वळवून, घरातलं मीठ संपलं हे ज्या आवाजात सांगावं त्याच आवाजात ती म्हणाली होती, एकच. "पाट हाय का बोकड?" विठाबाईनं पलीकडून विचारलं. "पाट." "बरं झालं बाई, दुधाला झाली." मग पलीकडं बादली आपटली आणि बोलणं संपलं. टाकाच्या टोकावरचा थेंब सुटून कागदावर पडला. जाफरनं टिपकागद ठेवला, उचलला, डाग पाहिला. पान पुन्हा लिहावं लागणार होतं.

ते पान सहाव्या प्रकरणाचं होतं. आधीची पाच प्रकरणं पक्की होऊन पेटीवर पडली होती, वर दगड ठेवून, कारण चैत्रातला वारा खोलीत कधीही शिरायचा. दीड वर्ष तो उस्मानाबादच्या या खोलीत राहत होता. हैदराबादेत प्राणिशास्त्राची एम. एस्सी. करताना आपल्याच जिल्ह्यातल्या शेळ्यांवर काम करायचं ठरलं, तेव्हा वर्गातली मुलं हसली होती. कोणी बेडकांच्या मज्जातंतूंवर, कोणी हुसेनसागरच्या माशांवर, आणि हा शेळ्यांवर. पण त्याला हसण्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. अडतीस गावं तो हिंडला होता, पायी, सायकलवर, बैलगाडीत. घरोघरी जाऊन विचारलं होतं, तुमच्या शेळीला मागच्या वेताला किती झाली, त्याच्या मागच्या वेताला किती. अकराशे चाळीस वेतं वहीत होती. बेंबळीकडच्या, म्हणजे त्याच्या स्वतःच्या गावाकडच्या पूर्वेच्या भागात शंभरातल्या अठ्ठावन्न वेतांत जुळी होती. परंड्याकडं, सोनारीच्या आसपास, शंभरात फक्त एकोणीस. जात तीच, रंग तोच, उंची तीच. हा फरक कशानं, ते सहावं प्रकरण सांगत होतं, आणि ते सांगणं जाफरचं होतं. आजपर्यंत आयुष्यात त्याचं म्हणावं असं जे काही होतं, त्यात ते पहिलं होतं.

तो अंगणात गेला. शरणम्मा दुसऱ्या करडाचं नाक साफ करत होती. "मावशी, दोन झाली ना?" "व्हय की." तिनं वर पाहिलं नाही. "मग विठाबाईंना एक का सांगितलं?" "मग काय सांगू? एक भैरोबाचं हाय. माझं माहेर परंड्याकडचं, तुमाला ठाव न्हाय व्हय? तिकडं जुळं झालं की त्यातलं एक सोनारीच्या भैरोबाचं. त्याला मोजत न्हाईत." "का?" "मोजलं की आपलं झालं. मग त्यो म्हणतो, बरं, तुमचंच घ्या, आन् दोन्ही नेतो." ती हसली. पुढचे दोन दात नसल्यामुळं तिचं हसणं लहान मुलासारखं दिसायचं. "एवढं हैदराबादेत शिकलात, दीड वरीस शेळ्यांच्या मागं फिरलात, आन् मला इचारता?" जाफरनं अगदी सावकाश विचारलं, जणू आवाज वर गेला तर उत्तर बदलेल, "तिकडं सगळेच असं करतात?" "समदे. तुमचे लोक बी. ते पिराच्या नावानं सोडतात, आमी भैरोबाच्या. कानाला खाच करून ठेवायची, म्हंजे घरात कुणी चुकून आपलं म्हणायचं न्हाय. इकडच्या लोकांना ह्यातलं काय बी ठाव न्हाय." तिनं करडू उचलून शेळीच्या आचळाला लावलं. दोघंही पिऊ लागली, ज्याला मोजलं होतं तेही आणि ज्याला मोजलं नव्हतं तेही, आणि शेळीनं दोघांनाही सारखंच चाटलं.

कानाची खाच. खोलीत येऊन त्यानं दगड बाजूला केला आणि तिसरं प्रकरण उघडलं. आकृती सात. परंडा भागातल्या करडांच्या कानांवरच्या खुणा, त्यानं स्वतः, बारीक निबनं, दोन दिवस बसून काढलेल्या. डाव्या कानाच्या खालच्या कडेला, टोकापासून दोन बोटं आत. खाली लिहिलं होतं, मालकी ओळखण्यासाठी. तशी करडं त्यानं घरोघर पाहिली होती. "हे कुणाचं?" असं विचारलंही होतं. "हे आमचं न्हाय," असं उत्तर मिळालं होतं, आणि त्यानं वहीत, 'दुसऱ्याचं', असं लिहून पुढचं घर गाठलं होतं. दुसऱ्या कुणाचं, हे एकदाही विचारलं नव्हतं. तो खाटेच्या कडेवर बसला. सदऱ्याच्या खिशात प्रोफेसर साहेबांचं पत्र होतं, घामानं घडीवर मऊ झालेलं. पत्रात तीनच ओळी होत्या. सहाव्या प्रकरणाचा मसुदा वाचला. हे आता डिसर्टेशन राहिलेलं नाही, मी हे थीसिस म्हणून पुढं पाठवतो आहे, समितीशी बोललो आहे. पक्की प्रत पंधरा खुर्दादच्या आत हातात पाहिजे. सरकारी फसली पंचांगातल्या त्या पंधरा खुर्दादला अकरा दिवस होते.

दोन शब्दांतला हा फरक त्यानं पहिल्यांदा ऐकला तो प्रयोगशाळेत, फॉर्मलीनच्या वासात. प्रोफेसर साहेब विलायतेत शिकून आले होते. शेजारच्या खोलीत वनस्पतिशास्त्राचे जे अध्यापक होते ते अमेरिकेहून आले होते. चहा पिताना दोघांची जुंपायची. विलायतेत लहान पदवीला डिसर्टेशन, मोठ्या पदवीला थीसिस. अमेरिकेत नेमकं उलट. "मग इथं काय?" जाफरनं विचारलं होतं, आणि दोघंही हसले होते. पण त्याला त्या रात्री वसतिगृहात झोप आली नव्हती. समुद्र ओलांडला की जो फरक उलटा होतो, तो शब्दात नसणार. तो कामातच कुठंतरी असला पाहिजे. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा प्रोफेसर साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि त्यांच्या संथ, स्वच्छ उर्दूत सांगितलं, की डिसर्टेशन म्हणजे तू वाचलंस, हिंडलास, मोजलंस, आणि नीट मांडून दाखवलंस. थीसिस म्हणजे तू एक म्हणणं घेऊन चारचौघांत उभा राहतोस आणि समोरचे तुला पाडायला उठतात. पहिलं चुकलं तर ते अपुरं असतं. दुसरा चुकला तर तो खोटा असतो. "तू यातला कुठला माणूस आहेस?" त्यांनी विचारलं होतं. जाफर म्हणाला होता, मला मोजायला आवडतं. "मोजायला मुनीमालाही आवडतं," साहेब म्हणाले होते आणि चष्मा घालून पुन्हा सूक्ष्मदर्शकात वाकले होते. ते वाक्य त्याला लागलं होतं. दीड वर्ष ते त्याच्या सायकलीच्या मागं बसून गावोगाव आलं होतं.

आणि मग एका दुपारी म्हणणं सापडलं होतं. बेंबळीच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला, बाभळींच्या रांगेत तो सायकल टेकवून बसला होता. वारा सुटला की वाळलेल्या शेंगा टपटप पडायच्या आणि शेळ्या त्यांच्यावर तुटून पडायच्या. एक शेळी मागच्या दोन पायांवर उभी राहून फांदीवरची शेंग ओढत होती. बघता बघता त्याला आठवलं की सोनारीकडं मुरमाड माळावर बाभूळ विरळ आहे. त्यानं वही काढली, गावं मांडली, बाभळी मांडल्या, जुळी मांडली. रांग लागली. गाभण राहण्याआधीच्या दोन महिन्यांत ज्या शेळीला शेंगा भरपूर, तिला जुळी. इतकं साधं, आणि हे कुणीच म्हटलं नव्हतं. आजूबाजूला माणूस नव्हतं. त्याला कुणाला तरी सांगायचं होतं. बेंबळी मैलभरावर होती. तिथं त्याचा थोरला भाऊ गफार शेती करत होता, पण गफारशी बोलायचं म्हणजे पाऊस, बैल आणि तू लग्न कधी करतोस. अम्मी दोन वर्षांपूर्वी, तो हैदराबादेत परीक्षेला बसलेला असताना, तापानं गेली होती. शेवटी तो त्या शेळीलाच म्हणाला होता, "ऐकलंस का?" आणि मोठ्यानं हसला होता. इतकं एकटं आणि इतकं सुखी त्याला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. बाभळीचा तो वास, तुरट, धुळीचा, पुढं सहावं प्रकरण लिहिताना प्रत्येक वेळी त्याच्या नाकात यायचा.

मोजलं की आपलं झालं. हे वाक्य दिवसभर त्याच्या मागं राहिलं आणि दुपारी, पान पुन्हा लिहायला घेताना, भलत्याच जागी जाऊन थांबलं. तो आठ वर्षांचा होता. खानेसुमारीचे, म्हणजे शिरगणतीचे, मास्तर रजिस्टर घेऊन ओट्यावर बसले होते. अब्बा शेतावर गेले होते, म्हणून अम्मी दाराआडून उत्तरं देत होती. घरात माणसं किती, भाषा कोणती, विहीर आहे का. "मुलं किती?" "एकीच है," अम्मी म्हणाली. मास्तरांनी ओट्यावर गोट्या खेळणाऱ्या गफारकडं पाहिलं, मग जाफरकडं. "आणि हा?" "वो है, बस," अम्मी दाराआडूनच म्हणाली. एवढंच. अब्बा आल्यावर मास्तरांनी पुन्हा विचारून दोन लिहिले. पण जाफर तोवर शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसला होता. अम्मी त्याला कधी मारायची नाही, जेवायला पहिल्यांदा वाढायची, ईदला त्याचा सदरा गफारच्या सदऱ्याहून चांगला असायचा. पण कुणी विचारलं तर एकच. हे त्यानं त्यानंतरही ऐकलं होतं. पाहुण्यांपुढं, बाजारात, एकदा तर डॉक्टरापुढं. त्यानं त्याचा एक अर्थ लावला होता आणि तो अर्थ मोठा होत होत त्याच्याबरोबर हैदराबादेत गेला होता. वसतिगृहाच्या यादीत आपलं नाव आहे की नाही, हे तो दोनदा पाहायचा. गटानं कुठं जायचं असलं की तो मागं राहायचा, कुणी बोलावतं का पाहायला, आणि कुणी बोलावलं नाही की त्याला बरं वाटायचं, कारण आधीच ठरलं होतं. अम्मीचं माहेर परंड्याजवळचं होतं. ही गोष्ट त्याला नेहमीच माहीत होती. सातव्या वर्षापर्यंत त्याच्या गळ्यात चांदीची हसली, म्हणजे जाड कडं, होतं, पिराच्या नावाचं, हीही माहीत होती. दोन्ही गोष्टी इतकी वर्षं त्याच्याजवळ, शेजारी शेजारी, पडून होत्या. त्यानं बेरीज केली नव्हती. आता विचारायला अम्मी नव्हती.

दोन दिवस तो सहावं प्रकरण लिहीत राहिला. अक्षर नेहमीपेक्षा सुंदर आलं. मनात एक शहाणा माणूस बसला होता आणि तो फार नेमकं बोलत होता. एका शेळीवरून आणि एका म्हातारीवरून अकराशे चाळीस वेतं खोडायची, हे शास्त्र नव्हे. शरणम्मा सांगते तसं सगळीकडं असेलच असं नाही. असलं तरी सगळ्यांनीच लपवलं असेल असं नाही. बाभळीचं म्हणणं खरं असूही शकतं. आकडे थोडे कमी होतील, इतकंच. प्रोफेसर साहेब सोनारीला कधी जाणार नाहीत. समितीतलं कुणीच जाणार नाही. जगात हे ओळखू शकणारी माणसं म्हणजे परंड्याकडच्या शेळ्या पाळणाऱ्या बाया, आणि त्या थीसिस वाचत नाहीत. हे सगळं बरोबर होतं. त्यातलं एकही वाक्य त्याला खोडता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी शरणम्मानं हाक मारली. ती खाच करायला बसली होती. करडाचा कान तिच्या चिमटीत होता. "जाफरबाबा, जरा धरता का ह्याला? माझ्या एकटीच्यानं ऱ्हाईना." त्यानं करडू मांडीवर धरलं. त्याचं काळीज अंगठ्याखाली इतकं जोरात उडत होतं की मोजता आलं नसतं. डाव्या कानाच्या खालच्या कडेला, टोकापासून दोन बोटं आत. रक्ताचा एक बारीक ठिपका आला. "झालं," ती म्हणाली, "आता भैरोबा बघंल." त्यानं हात धुतले, पिशवीत वही टाकली आणि येडशीच्या मोटारीला गेला.

येडशीहून छोट्या गाडीनं बार्शी, मग मोटारीनं परंडा, आणि परंड्याहून सोनारीच्या वाटेला पायी. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, बाकी सगळं निजामाच्या. जाताना एकदा आणि येताना एकदा, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर पिशवी उघडून दाखवावी लागायची. शिपायानं वही चाळली. "काय हाय ह्यात?" "शेळ्या." "कुठं हायेत?" असं म्हणून शिपायानं पिशवीत पुन्हा हात घातला, तेव्हा शेजारचे प्रवासी हसले. जाफरही हसला, आणि हसता हसता त्याला वाटलं की यांच्यातल्या कुणाबरोबर तरी निदान परंड्यापर्यंत बोलत जावं. पण मोटारीत बसल्यावर तो खिडकीकडं तोंड करून बसला. माळ लागला. बाभळी त्यानं मोजल्या, न मोजायचं ठरवूनही. मैलाला चार, मैलाला सहा. म्हणणं अजून उभं होतं. एखादा आजारी माणूस त्या दिवशी जरा तरतरीत दिसावा, तसं.

सोनारीच्या अलीकडं सतरा घरांची वस्ती होती. वर्षापूर्वी त्यानं इथं तेवीस वेतं लिहिली होती, त्यांत चार जुळी. पहिलं घर कस्तुराबाईचं. ती पन्नाशीची, ठसठशीत बाई दारात शेण कालवत होती. "आले बाई शेळीसाहेब," ती शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाली. "अजून संपल्या न्हाईत का शेळ्या?" खाटेवर पडलेला तिचा सासरा, धोंडीबा, उठून बसला. "आगं, पोरगं उन्हातनं आलंय. पाणी दे आधी, मग बोल काय बोलायचं ते." जाफर पाणी प्यायला, मग त्यानं वही उघडली. "आक्का, तुमची बांडी शेळी गेल्याच्या आदल्या दिवाळीच्या सुमाराला व्याली होती. किती झाली होती?" "एक. मागं बी सांगितलं हुतं." "आणि भैरोबाचं?" कस्तुराबाईचा हात थांबला. तिनं त्याच्याकडं वेगळ्या नजरेनं पाहिलं, जसं घरात आलेला पाहुणा अचानक आपल्या माहेरचा निघाला की बघतात. "तुमाला कुणी सांगितलं?" "उस्मानाबादेत एक मावशी आहेत, इकडच्याच." "हां." ती पुन्हा शेण कालवू लागली. "त्याचं एक." "म्हणजे तुमचं एक, त्याचं एक. दोन." "म्या न्हाय म्हटलं दोन," ती ताडकन म्हणाली. "बेरीज तुमी केली. भैरोबा ऐकतोय, ध्यानात ठिवा. बेरीज तुमच्या अंगावर." "माझ्या अंगावर," जाफर म्हणाला. "पण आक्का, त्या वेळी का नाही सांगितलं?" "तुमी काय इचारलं? तुमच्या शेळीला किती झाली. आमची हुती तेवढी सांगितली. त्याचं त्याला इचारायचं. देऊळ काय लांब हाय?" धोंडीबा खो खो हसला आणि त्याला ठसका लागला.

मग बाया जमल्या. बेरीज दुसऱ्याच्या अंगावर जाते आहे हे कळल्यावर त्यांना भारी मजा वाटू लागली. एकीनं आपलं सांगायचं, मग हळूच देवाचं सांगायचं, आणि मग सगळ्यांनी जाफरकडं बघायचं. तो म्हणायचा, "दोन." एकदा, "तीन." प्रत्येक आकड्याला त्या तोंडाला पदर लावून हसायच्या, एखादं पोर बोबडं बोलल्यावर हसावं तसं. तेवीस वेतं पुन्हा मांडून झाली. चार जुळ्यांची तेरा झाली. शंभरात छप्पन्न. बेंबळीकडं अठ्ठावन्न. पेन्सिल त्यानं कागदावर आडवी ठेवली. बाभळीची रांग, ओढ्याचा काठ, दोन पायांवर उभी राहिलेली शेळी, सगळं तसंच होतं. फक्त त्याला काही म्हणायचं नव्हतं. "काय झालं? जमलं का?" कस्तुराबाईनं विचारलं. "जमलं." "मग त्वांड का उतरलं?" "मी एक म्हणत होतो. ते चुकलं." "आत्ता!" ती म्हणाली, "मग दुसरं काय तरी म्हणा. म्हणायला काय लागतंय?" पुन्हा हसणं. पण ती उठली आणि न विचारता भाकरी-कोरड्यास घेऊन आली, आणि तो जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

शेवटच्या घरची जमिलाबी बाकीच्या पांगल्यावरही थांबली होती. तिच्या तीन करडांपैकी एक पिराचं होतं, तेही लिहून झालं होतं. जाफरनं वही मिटली, पुन्हा उघडली, आणि वहीकडंच बघत विचारलं, "खाला, माणसांचं पण असतं का असं?" "असतं की. नवसाचं पोर असलं तर. आई त्याला मोजत न्हाय. बाप मोजंल, पाव्हणे मोजतील. आईनं मोजायचं न्हाय." "किती वर्षं?" जमिलाबीला प्रश्नच कळला नाही. "किती म्हंजे? आई हाय तवर." मग तिनं वाकून त्याच्या तोंडाकडं पाहिलं. "तुमी हाय का नवसाचे?" "माहीत नाही," जाफर म्हणाला. हे त्याचं उत्तर अगदी नेमकं होतं. गळ्यातली एक हसली आणि अम्मीचं माहेर, एवढ्यावर तो काही म्हणू शकत नव्हता, आणि जिच्याकडून खात्री करून घ्यायची तिच्या तोंडून ते कधी निघालंच नसतं. विचारलं असतं तरी ती, एकीच है, असंच म्हणाली असती. त्याला दाराआडचा तो आवाज ऐकू आला. त्या आवाजात भीती होती का? आठ वर्षांच्या मुलाला ती ऐकू आली नसेल. किंवा नसेलच भीती, आणि आता बावीस वर्षांच्या माणसाला ती हवी असेल. जमिलाबी उठली, आणि जाता जाता तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

परत बार्शीला पोचला तेव्हा दुसऱ्या दिवशीचे चार वाजले होते. स्टेशनापासून जवळच तारघर होतं. परंड्याच्या मोटारीत त्यानं सगळं ठरवलं होतं. एका वस्तीवरून काही सिद्ध होत नाही, हे मनातल्या शहाण्या माणसाचं म्हणणं अजूनही बरोबर होतं. पण मग आता सगळ्या वस्त्यांवर जायला हवं होतं, आणि त्याला निदान सहा महिने लागले असते, आणि पंधरा खुर्दाद थांबणार नव्हती. थीसिस गेला. समितीपुढं उभं राहणं गेलं, थीसिसवर मिळू शकली असती ती हैदराबादची नोकरीची जागा गेली. पहिली पाच प्रकरणं तरी तशीच राहतील असंही नव्हतं; आकृती सातच्या खालची ओळ बदलायला हवी होती, त्यावर आधारलेले तीन तक्ते बदलायला हवे होते. जे उरलं असतं त्याला प्रोफेसर साहेब डिसर्टेशन म्हणाले असते, तेही पुन्हा सगळं हिंडून झाल्यावर, आणि बहुधा चष्मा न काढता. त्याला साहेबांचा राग आला नाही. उलट, त्यांना हे सगळं, भैरोबा, खाच, बेरीज कुणाच्या अंगावर, समोर बसून सांगावं असं फार वाटलं. आणि ते ऐकून घेतील का, याचा त्याला अंदाज करता येईना. तारेत ते मावण्यासारखं नव्हतं. त्यानं फॉर्म घेतला, तीनदा लिहून तीनदा खोडलं, चौथा फॉर्म खिडकीतून आत सरकवला.

तारबाबू टेबलावर वाकून काहीतरी लिहीत होता. वर न पाहता त्यानं फॉर्म ओढला आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

"कुणी नाही."

"बरं." तो इंग्रजी मजकूर ओठ हलवत वाचू लागला. सहावं प्रकरण चूक. मागे घेत आहे. पुन्हा मोजतो आहे. जाफर. "कोर्टाचं काम दिसतंय."

"नाही. शेळ्यांचं."

तारबाबूनं मान वर केली. पिकल्या मिशांचा, थकल्या डोळ्यांचा माणूस होता. त्यानं जाफरच्या धुळीनं भरलेल्या पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं पाहिलं, मग पुन्हा फॉर्मकडं. "वीस वर्षं या खुर्चीत आहे," तो म्हणाला. "शेळ्यांची तार आज पहिलीच. आणि तोंड मात्र तुमचं, घरातलं माणूस गेल्यासारखं. बसा जरा. मडक्यात पाणी आहे."

जाफर बसला नाही. खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून तो तसाच उभा राहिला. तारबाबूनं यंत्र पुढं ओढलं आणि कडकड सुरू झाली, आखूड, लांब, आखूड, मध्येच थांबून पुन्हा. येडशीची गाडी साडेपाचला होती. उद्या सकाळी बेंबळीकडच्या गावांपासून सुरुवात करायची, तिथंही पुन्हा विचारायचं, कसं विचारायचं ते रस्त्यात ठरवायचं. तो ठोके ऐकत होता. आपलं नाव अगदी शेवटी आहे, म्हणजे आता येईल, आता येईल, असं म्हणत तो कान देऊन राहिला. पण चूक कुठली आणि जाफर कुठला हे त्याला ओळखता येईना, आणि तेवढ्यात यंत्र थांबलं, तारबाबूनं फॉर्म खिळ्याला टोचला आणि हात झाडले.

"गेली," तो म्हणाला.